बाकापासून बाकापर्यंत : उन्हाळ्यात ज्येष्ठांच्या व्यायामाचं काय?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मार्च संपत आला की सगळ्याच पेपरांत एक चौकट येते, ज्येष्ठांनी दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नये, पाणी भरपूर प्यावं, सुती कपडे घालावेत. ती चौकट यायलाच पाहिजे, उष्माघाताने माणसं जातात. पण ती अपुरी आहे असं मला मनापासून वाटतं म्हणून हे पत्र लिहितेय, कारण घरोघरी तिचा अर्थ असा घेतला जातो की आता पाऊस पडेपर्यंत म्हाताऱ्या माणसाला बाहेर काढायचंच नाही. बारा ते चार सांगितलं होतं, आपण चोवीस तास करून टाकतो. कूलर लावून द्यायचा, टीव्ही लावून द्यायचा, आणि "आई, ऊन किती आहे बघ, कुठे जातेस" म्हणायचं, सगळं प्रेमापोटीच असतं ते, पण त्यात माणूस खुर्चीला चिकटतं.

ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांचं एवढं काही अडत नाही, ते आमच्या नाशकात पहाटेच गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर नाहीतर कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाऊन येतात. मी बोलतेय ते वॉकर घेऊन चालणाऱ्यांबद्दल, अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्यांबद्दल, पार्किन्सन असलेल्यांबद्दल, खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांबद्दल, व्हीलचेअरवर असलेल्यांबद्दल. आमच्या घरी सासूबाई वॉकरवर आहेत, दोन्ही गुडघे गेलेले, आणि समोरच्या बिल्डिंगमधले अण्णा व्हीलचेअरवर. या लोकांचं बसणं आणि आपलं बसणं यात फार फरक आहे. २००७ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात चांगल्या धडधाकट ज्येष्ठांना दहा दिवस पूर्ण अंथरुणात ठेवलं तर त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो स्नायू कमी झालं. आता उन्हाळ्यात कोणी पूर्ण वेळ झोपून नसतं हे मान्य, पण ते दहा दिवस होते आणि आपला उन्हाळा तीन-साडेतीन महिन्यांचा आहे, आणि ज्याच्याकडे मुळातच शिल्लक कमी त्याचं जातं ते परत येत नाही लवकर. मग मृग लागतो, पाऊस पडतो, अंगण-गॅलरी ओली होते, आणि नेमकं तेव्हा हे महिनोन्‌महिने बसून काढलेलं माणूस बाथरूमला जाताना पडतं. सगळे म्हणतात पावसाने घसरले. पावसाचं नाव होतं, पण पाय उन्हाळ्यातच गेलेले असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ज्या सूचना काढल्या त्यात ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, दोन दिवस तरी ताकदीचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे असं सांगितलंय, आणि अपंगत्व असलेल्यांनाही त्यातून वगळलेलं नाही. पण त्याच्याच बरोबर हेही म्हटलंय की अजिबात न करण्यापेक्षा थोडं केलेलं चांगलं, ज्याला जमेल तेवढं. मला हे दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. १५० चा आकडा ऐकून वॉकरवाल्या बाई घाबरून बसतात, आपल्याला काय जमणार म्हणून.

नाशकाला उन्हाळ्यात एक मोठी देणगी आहे जी मुंबईला नाही, ती म्हणजे सकाळ. समुद्रसपाटीपासून उंचीवरचं गाव, हवा कोरडी, त्यामुळे दुपारी पारा चाळिशीला टेकला तरी पहाटे हवेत गारवा असतो. देवळालीला लोक हवापालटाला यायचे, तिथे सॅनिटोरियम झाली ती उगाच नाही. एप्रिलच्या सुरुवातीला सूर्य साधारण सव्वासहा-साडेसहाला उगवतो, मे संपताना सहाच्या जरा आधीच. म्हणजे उजाडल्यापासून साडेसातपर्यंतचा वेळ आपला. आठनंतर ऊन लागायला लागतं, पेव्हर ब्लॉक तापायला लागतात, मग वॉकरवाल्याला परत यायला जो वेळ लागतो तोच त्याला बाधतो. म्हणून निघायची वेळ ठरवताना परत घरात पाय ठेवायची वेळ आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत या. ज्याला घर ते बाग वीस मिनिटं लागतात त्याने ती वीस मिनिटं दोनदा धरायची.

संध्याकाळचं मात्र जरा जपून. ऊन गेलं म्हणजे उष्णता गेली असं नसतं, दिवसभर तापलेलं काँक्रीट आणि डांबर दिवे लागणीनंतरही वाफ सोडत असतं, आणि व्हीलचेअरवरचं माणूस त्या जमिनीच्या आपल्यापेक्षा जवळ असतं. संध्याकाळीच जायचं असेल तर माती किंवा हिरवळ असलेल्या बाजूला, आणि सातच्या पुढे. पण मग अंधार होतो, दिवे नसतील तर पडायची भीती, म्हणून मी तरी सकाळच धरा म्हणते.

आणखी एक, अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, वयस्कर माणसाला त्याहून जास्त. म्हणून मे महिन्यात अचानक उत्साह आला आणि बाहेर काढलं असं करू नका. आपल्याकडे रंगपंचमीला रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, उघडतात आणि त्याच सुमाराला ऊन तापायला लागतं, तिथूनच सुरुवात करायची, आधी दहा मिनिटं, मग हळूहळू वाढवत. ज्या दिवशी फारच उकडतंय, हवामान खात्याचा इशारा आहे, त्या दिवशी घरातच, गॅलरीत, पंख्याखाली. तो दिवस बुडाला म्हणून नेम मोडला असं समजायचं कारण नाही. एप्रिलमधल्या आणि जूनच्या सुरुवातीच्या उकाड्यात फरक आहे हेही लक्षात घ्या. एप्रिलमध्ये हवा कोरडी, घाम आला कधी आणि वाळला कधी कळतच नाही, त्यामुळे पाणी किती गेलं याचा अंदाज येत नाही. रोहिणी सुरू झाल्या की हवेत दमटपणा येतो, घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही, तेव्हा थर्मामीटरवर आकडा कमी दिसला तरी त्रास जास्त होतो. त्या पंधरा दिवसांत वेळ निम्म्यावर आणा.

आता मुख्य मुद्दा. आपण व्यायाम किती केला हे मिनिटांत नाहीतर राउंडमध्ये मोजतो, तीन राउंड मारले, पाच हजार पावलं झाली. ज्याला नीट चालताच येत नाही त्याच्यासाठी हे माप चुकीचं आहे. त्याचं माप म्हणजे बाक. या बाकावरून उठलं, त्या बाकापर्यंत गेलं, बसलं, दम खाल्ला, पाणी प्यायलं, परत उठलं. एवढं झालं की एक. सासूबाईंना आधी "बागेला एक चक्कर मारू" म्हटलं की त्या नकोच म्हणायच्या, आणि "त्या करंजाखालच्या बाकावर जाऊन बसू" म्हटलं की उठायच्या. कारण त्यांना पोचायची जागा दिसत असते. आणि यात गंमत अशी की प्रत्येक बाकावर उठणं-बसणं होतं, आणि गुडघ्याच्या नि मांडीच्या ताकदीसाठी खुर्चीवरून उठणं-बसणं यासारखा साधा आणि चांगला व्यायाम नाही असं आमची फिजिओ नेहमी सांगते, संडासातून उठायला हीच ताकद लागते.

म्हणून प्लॅनिंग करायचं म्हणजे आधी एक दिवस घरातल्या चालत्याफिरत्या माणसाने एकट्याने बागेत जाऊन बाकं बघून यायची. दोन बाकांत अंतर किती. बाकाला पाठ आहे का, हात टेकायला दांडी आहे का, कारण दांडी नसेल तर गुडघेदुखीवाल्याला उठताच येत नाही. बाक फार खाली आहे का, साधारण दीड फुटापेक्षा खाली असेल तर उठवायला दोन माणसं लागतील. ग्रॅनाइटचा किंवा लोखंडाचा असेल तर आठ वाजता त्यावर बसवेल का, नाहीतर एक जाड सतरंजीची घडी बरोबर ठेवायची, तिनेच उंचीही वाढते. आणि सावली. सकाळी सावली झाडाच्या पश्चिमेला पडते आणि संध्याकाळी पूर्वेला, एवढं शाळेत शिकलेलं पण बाक निवडताना कोणी आठवत नाही. जो बाक संध्याकाळी छान सावलीत असतो तो सकाळी सात वाजता उन्हात असतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तर नाशकात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, त्या दिवसांत आठ-नऊनंतर सावली भराभर आखडत जाते, आपण बसल्या बसल्या ऊन अंगावर येतं.

झाडंही सगळी सारखी नाहीत. गुलमोहर फुलला की फोटोला सुंदर, पण त्याआधी एप्रिलमध्ये तो बऱ्यापैकी बोडका असतो. रॉयल पामची रांग लावलेली असते, तिची सावली म्हणजे नसल्यात जमा. वड, कडुनिंब, करंज, चिंच यांच्याखालीच खरी सावली. २०२५ च्या अखेरीस साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या वसाहतीसाठी, तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा कितीतरी नाशिककर रस्त्यावर उतरले, त्यात ज्येष्ठही होते. त्यांच्यासाठी झाड ही शोभेची गोष्ट नाहीये, एक मोठं झाड गेलं की एक बाक बाद होतो आणि दोन बाकांतलं अंतर दुप्पट होतं, म्हणजे जो माणूस तिथवर जात होता तो जायचा बंद होतो.

आता जे कोणी बोलत नाही ते बोलते. संडास. आपण आजी-आजोबांना सतत सांगतो पाणी प्या पाणी प्या, आणि ते पीत नाहीत, आपण म्हणतो हट्टी आहेत. वय झालं की तहानच कमी लागते हे खरं आहे, शरीराला पाणी कमी पडतंय तरी मेंदूला ते उशिरा कळतं. पण बायकांच्या बाबतीत तरी मी ठामपणे सांगते, अर्ध्या वेळा त्या मुद्दाम पीत नाहीत. बाहेर जायचं आहे, तिथे जायची सोय नाही, असली तर कुलूप आहे, कुलूप नसलं तर भारतीय पद्धतीचं आहे, ज्यावर त्यांना बसता येत नाही, बसलं तर उठता येत नाही, आणि फरशी ओली. मग त्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात. सांगत नाहीत कोणाला, लाजतात. आणि तशाच कोरड्या अंगाने सकाळी बाहेर पडतात, त्यात बीपीची गोळी घेतलेली असते, उठताना चक्कर येते. आमच्या सासूबाईंनी मला हे फार उशिरा सांगितलं, तेही मी खूप खोदून विचारल्यावर. तेव्हापासून आमच्या कॉलनीतल्या सगळ्यांना मी आधी हेच विचारते, जवळ कुणाचं घर आहे का जिथे हक्काने जाता येईल, कमोड आहे का, तळमजला आहे का. बागेसमोर राहणाऱ्या एका वहिनींनी त्यांचं बाथरूम सकाळी दीड तास सगळ्या आज्यांसाठी उघडं ठेवलं, आणि एवढ्या एका गोष्टीने आमच्याकडे येणाऱ्या बायका वाढल्या. कुठल्याही मशीनने, कुठल्याही ओपन जिमने हे झालं नसतं. ज्यांना शक्य आहे त्यांनी हे करा, हात जोडून विनंती आहे.

पाणी कसं द्यायचं तर निघण्याआधी अर्धा-पाऊण तास एक ग्लास, आणि मग बाकागणिक दोन-चार घोट, माठातलं. ताक, पन्हं, कोकम सरबत आपल्याकडे आहेच, पण बीपीवाल्याच्या ताकात मीठ बेताने आणि शुगरवाल्याच्या पन्ह्यात गूळ-साखर बेताने. ओआरएस द्यायचं तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट, अर्धं घालून अर्धं ठेवून नाही. आणि ज्यांना हार्टचा किंवा किडनीचा त्रास आहे, ज्यांना डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलंय, त्यांना "उन्हाळा आहे पी अजून" असा आग्रह करू नका, उन्हाळ्यासाठी माप बदलायचं का ते डॉक्टरांनाच विचारा.

औषधांचंही तसंच. सुजेसाठी किंवा बीपीसाठी पाणी काढायची गोळी बऱ्याच जणांना असते, ती सकाळी सहाला घेतली की सातला बागेत लघवीची घाई होते. ही गोळी परत आल्यावर घेतली तर चालेल का हे एकदा डॉक्टरांना विचारायचं, स्वतःच्या मनाने मागेपुढे किंवा बंद करायची नाही. पार्किन्सनच्या, मानसिक आजाराच्या, लघवी रोखायच्या काही गोळ्यांनी घामच कमी येतो, म्हणजे अंग थंड व्हायचा रस्ताच बंद, अशा लोकांना जास्त सावलीत ठेवायचं. काही बीपीच्या गोळ्यांनी नाडी वाढतच नाही, त्यामुळे मुलाने अमेरिकेहून पाठवलेल्या घड्याळात आकडा नॉर्मल दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका. त्यापेक्षा बोलायला लावा. चालता चालता नातवाबद्दल दोन वाक्यं सलग सांगता येतायत तर ठीक, एकेक शब्दाला थांबावं लागत असेल तर बसवा. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी चालू असेल तर उपाशीपोटी नेऊ नका, थोडं खाऊन निघा, आणि खिशात साखर-गोळी असूच द्या. दवावर अनवाणी चाला असं बरेच जण सांगतात, पण शुगरमुळे ज्यांच्या तळव्यांची संवेदना गेलीय त्यांनी अजिबात नाही, काटा टोचला, फरशीने पोळलं तरी कळत नाही आणि मग जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

घरातून निघायच्या आधीचं थोडं अंथरुणातच उरकायचं. संधिवाताच्या माणसाचे सांधे सकाळी आखडलेले असतात, एकदम उठवून चालवलं की दुखतं आणि मग ते दुसऱ्या दिवशी नाही म्हणतात. पडल्या पडल्या घोटे वर-खाली, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची आणि सोडायची, टाच गादीवरून ओढत गुडघा वाकवायचा. मग कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं, मगच उभं राहायचं, कारण झटकन उठलं की बीपी खाली येतं. बागेत बाकावर बसून जागच्या जागी पाय उचलायचे, दांडी किंवा कठडा धरून टाचा उचलायच्या, एकमेकांकडे हलका चेंडू टाकायचा. चेंडू फार कामाचा आहे, हात-डोळा-तोल सगळं एकदम होतं आणि हसू येतं ते वेगळंच. आमच्याकडच्या एका आजी, ज्या कुणाशी बोलत नव्हत्या, त्या चेंडूमुळे बोलायला लागल्या.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते, हे निम्म्या लोकांना माहीत नाही, कुणी सांगतच नाही. वॉकरची उंची अशी हवी की हात सरळ सोडले की मनगट दांडीपाशी यावं, नाहीतर माणूस पोक काढून चालतं आणि मग कंबर धरते. वॉकरच्या खालचे रबर झिजलेत का बघा, मेडिकलमध्ये नाहीतर सर्जिकलच्या दुकानात स्वस्तात मिळतात, पण झिजलेल्या रबराने ओल्या फरशीवर जो घात होतो तो स्वस्त नसतो. साडीचा घोळ वॉकरच्या पायात येतो, बाहेर जाताना गाऊन किंवा पंजाबी ड्रेस घातला तर बिघडत नाही, सासूबाईंना त्यासाठी तयार करायला वेळ लागला पण आता त्यांनाच बरं वाटतं. झटका आलेल्या माणसाबरोबर चालताना त्याच्या कमजोर बाजूला आपण राहायचं. आणि मोतीबिंदू झालेल्यांना झाडाखाली ऊन-सावलीच्या नक्षीत फरशीची वर-खाली कळत नाही, तिथे हात धरा आणि बोलून सांगा, आता पायरी आहे.

व्हीलचेअरवरच्या माणसाला बागेत नेऊन नुसतं उभं करून आपण राउंड मारायला जायचं, असं फार होतं. अण्णांच्या हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली देतो आम्ही, ती वर-खाली, समोर-बाजूला, मग पाणी पिऊन ती हलकी होते तेव्हा बास. चाक स्वतः ढकलायचं सपाट जागेवर थोडं. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर जोर देऊन नाहीतर आम्ही धरून पुढे वाकवून बूड जरा मोकळं करायचं, उन्हाळ्यात रेक्झिनच्या सीटवर घामाने कातडी भिजते आणि तिथेच जखम होते, म्हणून खाली सुती टॉवेल. खुर्ची उन्हात ठेवली तर लोखंडी भाग चटका देतो, ठेवायची सावलीत आणि ब्रेक लावून. ओपन जिमच्या यंत्रांवर मात्र या मंडळींना चढवू नका, ते झुलते वॉकर वगैरे धडधाकट लोकांसाठी आहेत, तोल गेलेल्याचा पाय त्यात अडकतो.

चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं, पायात गोळे, नेहमीपेक्षा गप्प किंवा चिडचिडं होणं, यातलं काहीही दिसलं की त्या दिवसाचा व्यायाम तिथेच संपला, सावलीत बसवायचं, घोट घोट पाणी. आणि अंग भट्टीसारखं तापलंय, असंबद्ध बोलतायत, ओळखत नाहीत किंवा शुद्ध हरपतेय, तर १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत ओल्या कापडाने अंग पुसत वारा घालत राहायचं, मान-काखा-जांघेत गार पट्ट्या, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. घाम येतोय की नाही यावर जाऊ नका.

आता महापालिकेच्या उद्यान विभागाला आणि आमच्या भागातून निवडून येणाऱ्यांना थोडं सांगायचंय, आणि हे फक्त आमच्या बागेपुरतं नाही. मोटरसायकली शिरू नयेत म्हणून बागांच्या गेटवर वाकडेतिकडे पाईप रोवतात. हेतू चांगला, पण त्यातून व्हीलचेअर जात नाही. अण्णांना आम्हाला दोघांनी उचलून आत घ्यावं लागतं आणि त्यांना ते इतकं अवघड वाटतं की ते मधेच येणं बंद करतात. साधारण तीन फुटांची मोकळी वाट सोडली तर खुर्ची जाते. उताराचं सरकारी माप एकास बारा आहे, म्हणजे फूटभर उंचीला बारा फूट लांब उतार, पण पायरीवर फळी टाकल्यासारखा उभा उतार करून ठेवतात आणि त्यावर वॉकरवालं माणूस चढू शकत नाही, उतरताना तर धडकीच भरते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याच्या आधीच २०१५ च्या डिसेंबरमध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झालं, त्यामुळे आम्ही मेहेरबानी मागत नाही आहोत. सकाळी सहा-सातला झाडांना पाणी घालतात, ट्रॅक निसरडा होतो, तेच पाणी आठनंतर किंवा संध्याकाळी घातलं तर काय जातं? कामगारांच्या ड्युटीचा प्रश्न असेल तर तसं सांगा, आम्ही मार्ग काढू. एप्रिल ते जून बागा पहाटे साडेपाचला उघडल्या पाहिजेत आणि संडासाचं कुलूपही तेव्हाच.

२०२७ च्या सिंहस्थासाठी गावभर कामं चालू आहेत, गोदाकाठ, रस्ते, सगळं खणलं जातंय. एवढा पैसा खर्च होतोच आहे तर घाटाच्या पायऱ्यांना धरायला कठडे, काठाने दर तीस-चाळीस पावलांवर पाठीचा आणि हाताच्या दांडीचा बाक, त्यावर झाड, असं आत्ताच आराखड्यात टाकलं तर साधू-भाविक जातील आणि बाकं आपल्या म्हाताऱ्या माणसांना राहतील. कुंभाला येणाऱ्या भाविकांतही वयस्कर किती असतात ते गेल्या वेळी रामकुंडावर सगळ्यांनी बघितलंय.

अजून एक सुचवते. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या नाशकातच, म्हसरूळला आहे, आणि राज्यातली बरीचशी फिजिओथेरपी कॉलेजं त्याच्याशी जोडलेली आहेत. शहरातल्या फिजिओच्या इंटर्न मुलामुलींना उन्हाळ्यात सकाळी तासभर एकेका बागेत पाठवलं तर त्यांनाही खरे पेशंट बघायला मिळतील आणि ज्यांना क्लिनिकची फी आणि रिक्षाचे पैसे दोन्ही परवडत नाहीत अशा लोकांना नीट शिकवणारं कोणीतरी भेटेल. प्रत्येकाची काठी, वॉकर तपासून घेतला तरी केवढं काम होईल. ज्येष्ठ नागरिक संघांनी, हास्य क्लबांनी पुढाकार घ्यावा, फक्त एक करा, तुमच्या गोलात दहा खुर्च्या मांडा. सगळे उभे असतात तिथे बसून व्यायाम करणारं माणूस यायला बिचकतं, चार जण बसलेले दिसले तर पाचवं येतं.

संपादक साहेब, तुमच्याकडून एकच मागणं आहे. त्या उन्हाळ्याच्या चौकटीखाली, शक्य झालं तर दर आठवड्याला, नाशिक, पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड असं विभागवार छापा, की कुठली बाग पहाटे किती वाजता उघडते, व्हीलचेअर गेटातून जाते का, कमोड असलेला संडास उघडा असतो का, आणि पाण्याचा नळ चालू आहे का. माहिती गोळा करायला तुमच्या बातमीदारांना वेळ नसेल तर आमच्या भागातली आम्ही कॉलनीतल्या बायका आणून देऊ, आणि इतर भागातल्या वाचकांनीही आपापली कळवावी. रंगपंचमीच्या आत पहिली यादी आली तर यंदाच्या उन्हाळ्यातच तिचा उपयोग होईल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक